काखेत कळसा आणि गावाला वळसा

परकी भाषा शिकताना मनुष्य चुकतो यात नवल नाही. चुकल्यावाचून कोणी शिकलेला नाही. नवल याचे वाटते की, चूक समजावून सांगण्याचे काम ज्यांनी पत्करले आहे, त्यांनीच तिचे कारण दृष्टीआड करावे. काही दिवसांपूर्वी आमची एक जुनी विद्यार्थिनी आपली स्पॅनिशची वही घेऊन आमच्याकडे आली. माद्रिदच्या मैत्रिणीस पत्र लिहावे असा पाठ होता, आणि 'तू पुण्यास यावेस अशी माझी इच्छा आहे' एवढेच तिला म्हणावयाचे होते. तिने लिहिले होते: 'ते किएरो बेनीर आ पुणे.' शिक्षकांनी खाली तांबडी रेघ ओढून समासात शेरा मारला होता: 'सब्जंक्टिव्ह. यादी पहिली. पाठ करावी.' वाक्य चुकले होते हे खरेच. इतकेच नव्हे, तर ज्यास थोडेबहुत स्पॅनिश येते त्यास ते वाचून हसू आवरणे कठीण. कारण 'ते किएरो' या दोन शब्दांचा त्या भाषेतील रूढ अर्थ 'माझे तुझ्यावर प्रेम आहे' असा आहे. निमंत्रण द्यावयास निघालेली मुलगी भलतीच कबुली देऊन बसली! परंतु आमचे लक्ष त्या चुकीपेक्षा त्या शेऱ्यावर खिळले. 'पण असे का?' या तिच्या प्रश्नास वर्गात मिळालेले उत्तर इतकेच की, स्पॅनिशमध्ये तसे असते; याद्या पाठ करा, म्हणजे सवय होईल. प्रस्तुत लेख त्या उत्तराविरुद्ध आहे.

आमचे म्हणणे प्रथमच उघड करून सांगतो. स्पॅनिशमधील ज्या एका प्रकरणापाशी येऊन आमचे शेकडो तरुण अडखळतात, आणि 'व्याकरण फार अवघड' म्हणून ती भाषाच सोडून देतात, ते प्रकरण मराठी मनुष्यास मुळीच अवघड नाही. त्याची किल्ली त्याच्या मातृभाषेत आहे, व त्याच्या आजोबांच्या संस्कृतातही आहे. ती किल्ली फेकून देऊन आमचे अध्यापक त्यास इंग्रजीच्या दाराने आत नेतात. आणि नेमके तेच दार या ठिकाणी भिंतीवर उघडते.

ज्यांस स्पॅनिशचा परिचय नाही, त्यांच्यासाठी प्रकरण थोडक्यात मांडतो. इंग्रजीत ज्यास इन्फिनिटिव्ह म्हणतात, ते क्रियापदाचे मूळ रूप. त्यास पुरुष नाही, वचन नाही, काळ नाही. संस्कृताच्या अभ्यासकांस 'गन्तुम्' ह्या तुमंत रूपावरून त्याची कल्पना येईल. म्हणून आम्ही त्यास तुमंत म्हणू. स्पॅनिशमध्ये त्याचा शेवट आर, एर किंवा ईर असा होतो. दुसरे रूप सब्जंक्टिव्ह. त्यास पुरुष व वचन असते, परंतु ते 'अमुक घडते' असे सांगत नाही. 'अमुक घडावे', 'घडले तर', 'घडेल तेव्हा' अशा, केवळ मनात धरलेल्या क्रियेचे ते रूप आहे. आमच्या व्याकरणातील विध्यर्थ त्याचा निकटचा नातलग; म्हणून आम्ही तेच नाव योजतो. जे घडते म्हणून सांगावयाचे, त्याचे साधे रूप तो स्वार्थ. (स्पॅनिशमध्ये व आणि ब ही अक्षरे लिहिण्यास निराळी, पण उच्चारास एकच, म्हणून आम्ही सर्वत्र ब लिहिला आहे.)

आता 'यावयाचे आहे' हे स्पॅनिश मनुष्य कसे म्हणतो ते पाहावे. स्वतःस यावयाचे असेल तर 'किएरो बेनीर': येथे तुमंत. दुसऱ्याने यावे असे असेल तर 'किएरो के बेंगास': येथे 'के' म्हणजे 'की', आणि 'बेंगास' म्हणजे 'तू यावेस', अर्थात विध्यर्थ. इच्छा तीच, येणेही तेच. बदलला तो केवळ येणारा. इच्छा करणारा आणि येणारा एकच असला की तुमंत. दोघे भिन्न असले की 'के' आणि विध्यर्थ.

इंग्रजीत काय होते? 'आय वॉन्ट टु कम' आणि 'आय वॉन्ट यू टु कम'. दोन्हीकडे तुमंतच! येणारा बदलला तरी क्रियापदास त्याची दाद नाही; मध्ये एक 'यू' घुसवून दिला की काम भागले. ज्या भाषेस हा भेद रूपाने दाखविण्याची गरजच वाटत नाही, तिच्या द्वारे तो भेद शिकविणे म्हणजे आंधळ्यास रंगाचा साक्षीदार करणे होय. आमच्या विद्यार्थिनीने दुसरे काय केले? तिने मनात प्रथम इंग्रजी वाक्य जुळविले. 'यू'च्या जागी 'ते' ठेविले, 'टु कम'च्या जागी 'बेनीर' ठेविले. तिची चूक स्पॅनिशची नव्हे. ती इंग्रजीची इमानदारी आहे. इंग्रजीतही एकेकाळी विध्यर्थाचे राज्य होते, आणि 'गॉड सेव्ह द किंग' अशा ठरीव वाक्यांतून व काही औपचारिक प्रयोगांतून त्याचे अवशेष अजून दिसतात, हे आम्ही जाणतो. पण पडक्या वाड्याच्या चौथऱ्यावरून शेजारच्या नांदत्या घराची मांडणी शिकविता येत नाही.

आता मराठीकडे वळू. 'मला यावयाचे आहे' आणि 'तू यावेस अशी माझी इच्छा आहे.' भुकेला मनुष्य 'मी जेवावे अशी माझी इच्छा आहे' असे म्हणतो काय? तो 'मला जेवायचे आहे' असेच म्हणतो. परंतु आई मुलाविषयी बोलताना 'त्याने जेवावे अशी माझी इच्छा आहे' असेच म्हणते. कर्ता एक तेव्हा एक रूप, कर्ते दोन तेव्हा विध्यर्थ: ही गोष्ट आमच्या निरक्षर आजीस कोणी शिकविली नव्हती, आणि तीत ती जन्मभर चुकलीही नाही. आणखी उदाहरणे घ्यावीत. 'पारा आप्रेंदेर' म्हणजे 'शिकण्यासाठी'. 'पारा के आप्रेंदास' म्हणजे 'तू शिकावेस म्हणून'. 'एस नेसेसारिओ एस्तुदियार' म्हणजे 'अभ्यास करणे आवश्यक आहे', कोणी ते सांगितले नाही. 'एस नेसेसारिओ के एस्तुदिएस' म्हणजे 'तू अभ्यास करावास हे आवश्यक आहे'. शब्दास शब्द लावून पाहावा. कोठे सांधा निखळत नाही. इतके असून विद्यार्थ्यास ही जोडी मराठीत ऐकविली जात नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

मराठीतील ह्या दोन रूपांचे नाते तर याहूनही जवळचे आहे. 'यावे' आणि 'यावयास' (ज्यास आपण आता बोलताना 'यायला' म्हणतो) या दोहोंत जो व आहे तो एकाच घराण्यातला. संस्कृतातील 'कर्तव्य', 'गन्तव्य' यांतील तव्य प्रत्ययाचा तो वंशज. म्हणूनच 'त्याने यावे' या प्रयोगात कर्त्यास तृतीया लागते. 'त्याच्याकडून येणे व्हावे' असा मूळचा भाव तेथे अजून जिवंत आहे. ज्यांच्या भाषेत ही दोन्ही रूपे सख्खी भावंडे म्हणून नांदतात, त्यांना ती वेगळी केव्हा राहतात व एकमेकांची जागा केव्हा घेतात हे परक्या भाषेच्या मध्यस्थीने सांगण्याची वेळ यावी, हे दुर्दैव नव्हे तर काय?

कोणी म्हणतील, हा मातृभाषेचा अभिमान झाला. शास्त्र कोठे आहे? शास्त्र पाहिजे असेल तर ते दोन सहस्र वर्षांहून अधिक काळ तयार आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीतील तिसऱ्या अध्यायाचा तिसरा पाद उघडावा आणि १५७ व १५८ ही दोन सूत्रे लागोपाठ वाचावीत. पहिल्याचे तात्पर्य असे की, इच्छा दाखविणारे क्रियापद जवळ असता दुसऱ्या क्रियापदास लिङ् किंवा लोट्, म्हणजे विध्यर्थ किंवा आज्ञार्थ, योजावा. दुसऱ्याचे तात्पर्य असे की, दोन्ही क्रियांचा कर्ता एकच असेल तर तुमुन्, म्हणजे तुमंत, योजावे. 'इच्छामि भवान् गच्छेत्', पण 'गन्तुम् इच्छामि'. 'किएरो के बेंगास' आणि 'किएरो बेनीर' यांचा नियम याहून नेमक्या शब्दांत मांडून दाखवावा, असे आमचे त्या याद्यांच्या कर्त्यांस आव्हान आहे. पाणिनीने स्पॅनिशचा नियम सांगितला असे वेडगळ विधान आम्ही करीत नाही. त्याच्या पुढच्याच सूत्रात कर्ता एक असताही लिङ् चालतो अशी मोकळीक आहे, व ती स्पॅनिश भाषा 'किएरो'च्या बाबतीत देत नाही. आम्हांस दाखवावयाचे ते इतकेच की, 'क्रिया कोणाची?' हा प्रश्न विचारण्याची सवय आमच्या व्याकरणपरंपरेच्या हाडीमाशी खिळलेली आहे. ज्या घरात हा प्रश्न इतका जुना आहे, त्या घरच्या मुलास 'यादी पहिली, पाठ करावी' असे सांगणे हा त्याच्या बुद्धीचा अपमान होय.

याद्यांचा आता समाचार घेऊ. इंग्रजीतून स्पॅनिश शिकविणाऱ्यांनी विध्यर्थासाठी सहा अक्षरांची एक खूण केली आहे: इच्छा, भावना, अकर्तृक वाक्ये, शिफारस, शंका, आणि शेवटी 'ओखाला' हा शब्द. या सहांच्या आद्याक्षरांचा इंग्रजी शब्द होतो 'विअर्डो', म्हणजे विक्षिप्त इसम. नाव मोठे समर्पक! कारण या खुणेस अर्थाचा धागा नाही. सहा पेट्या आहेत, आणि प्रत्येक क्रियापद कोणत्या पेटीत टाकावे एवढाच खेळ आहे. त्यातील 'ओखाला' ह्या एका शब्दाचे मूळ सांगितले असते तरी पुष्कळ उजेड पडला असता. मुसलमानी अमदानीतील अरबीमधून तो स्पेनमध्ये आला. 'ईश्वराची इच्छा असेल तर' अशा अर्थाच्या वाक्याचा तो अवशेष आहे. म्हणजे शब्दाच्या पोटातच दुसऱ्याची इच्छा आहे. त्यापुढे विध्यर्थ येणार नाही तर काय येईल?

याद्यांचा फोलपणा एका शब्दाने सिद्ध होतो. 'देसीर' म्हणजे सांगणे. ते कोणत्या यादीत घालावे? 'दीसे के बिएनेस' म्हणजे 'तू येतोस असे तो सांगतो', येथे स्वार्थ. 'दीसे के बेंगास' म्हणजे 'तू यावेस असे तो सांगतो', येथे विध्यर्थ. क्रियापद एक, 'के' एक, माणसे तीच. आणि रूपे दोन! यादीवाला येथे हात टेकतो, व 'हा अपवाद आहे' म्हणून मोकळा होतो. मराठी मुलास यात अपवाद मुळीच दिसत नाही. कारण त्याचे 'सांगणे'ही नेमके असेच दुहेरी आहे. वार्ता सांगावयाची असली की 'येतोस', आज्ञा सांगावयाची असली की 'यावेस'. क्रियापद कोणते हा प्रश्नच नव्हे. ते वाक्य बोलणारा घडल्या गोष्टीची ग्वाही देतो आहे, की ती गोष्ट नुसती मनापुढे धरतो आहे, हा प्रश्न आहे.

येथे आमचा दुसरा मुद्दा आला. 'क्रिया कोणाची?' हा पहिला प्रश्न. तुमंत की 'के'चे वाक्य, याचा बहुधा तो निकाल लावतो. 'ग्वाही आहे की नाही?' हा दुसरा. 'के'च्या वाक्यात स्वार्थ की विध्यर्थ, याचा निकाल तो लावतो. दोन प्रश्नांची ही गल्लत केल्यामुळेच पुष्कळ गोंधळ माजला आहे. आणि दुसऱ्या प्रश्नाच्या बाबतीतही मराठी इंग्रजीहून कशी सरस साक्ष देते ते पाहावे. 'क्वांदो बिएनेस, कोमेमोस' म्हणजे 'तू येतोस तेव्हा आपण जेवतो', नेहमीची गोष्ट. 'क्वांदो बेंगास, कोमेरेमोस' म्हणजे 'तू येशील तेव्हा आपण जेवू', अजून न घडलेली गोष्ट. इंग्रजीत दोन्हीकडे 'व्हेन यू कम'! मराठीत 'येतोस' आणि 'येशील'. तसेच 'स्पॅनिश बोलतो असा एक डॉक्टर माझ्या ओळखीचा आहे' आणि 'स्पॅनिश बोलत असेल असा डॉक्टर मला पाहिजे'. पहिला डॉक्टर हाडामांसाचा आहे, म्हणून स्पॅनिशमध्ये 'के आब्ला'. दुसरा अजून सापडावयाचा आहे, म्हणून 'के आब्ले'. 'बोलतो' आणि 'बोलत असेल' यांतील अंतर ज्याच्या कानास सहज कळते, त्यास 'आब्ला' आणि 'आब्ले' यांतील अंतर कळावयास यादी नको. 'आऊंके युएबे' म्हणजे पाऊस पडतो आहे तरी. 'आऊंके युएबा' म्हणजे पाऊस पडला तरी, मग तो पडो वा न पडो. येथेही तोच न्याय.

पण आम्ही एकतर्फी वकिली करण्यास बसलो नाही. मराठी सर्वत्र वाट दाखविते असे नाही. काही ठिकाणी ती चुकविते, आणि ती ठिकाणे लपविणारा शिक्षक याद्यांच्या शिक्षकाहून अधिक अपराधी होय.

पहिले ठिकाण आनंदाचे व खेदाचे. 'तू येतोस याचा मला आनंद होतो' असे आपण साध्या स्वार्थाने म्हणतो. स्पॅनिश मनुष्य 'मे आलेग्रा के बेंगास' असे विध्यर्थाने म्हणतो. तो येतो आहे हे दोघांसही ठाऊक आहे. परंतु ती वार्ता सांगणे हा वाक्याचा हेतू नव्हे, आनंद सांगणे हा आहे, म्हणून स्पॅनिश तेथे ग्वाहीचे रूप वापरीत नाही. दुसरे ठिकाण नकाराचे. 'तो येईल असे मला वाटते' आणि 'तो येईल असे मला वाटत नाही': आमचे 'येईल' दोन्हीकडे अढळ. स्पॅनिशमध्ये पहिल्या वाक्यात 'बेंद्रा' हा भविष्यकाळ, दुसऱ्यात 'बेंगा' हा विध्यर्थ. कारण दुसऱ्यात ग्वाही काढून घेतली. तिसरे ठिकाण 'पूर्वी'चे. आपण 'येण्यापूर्वी' म्हणतो तसेच 'तू येण्यापूर्वी' असेही म्हणतो. आमचे 'येणे' परका कर्ता सुखाने सोसते. स्पॅनिशमध्ये मात्र 'आन्तेस दे बेनीर' आणि 'आन्तेस दे के बेंगास' असे निराळे म्हणावे लागते. (क्युबा, प्वेर्तो रीको आदी कॅरिबियन बेटांवरील बोलीत तुमंताआधीच कर्ता ठेवण्याची रीत आहे, तेथे गेल्यास आमच्या मुलास घरी आल्यासारखे वाटेल, पण परीक्षेत ती रीत चालणार नाही.) चौथे ठिकाण भूतकाळाचे. 'तू यावेस अशी माझी इच्छा होती' यात आमचे 'यावेस' जागचे हलत नाही; स्पॅनिशमध्ये मुख्य क्रियापद भूतकाळात गेले की 'केरिआ के बिनिएरास' असे विध्यर्थासही भूतकाळात जावे लागते. ही रूपे पाठच करावी लागतात. तेथे दुसरा उपाय नाही. पाठांतराशी आमचे वैर नाही. जेथे समजून घेण्याजोगे आहे तेथेही पाठांतरच करविणे, याच्याशी आहे.

नियमास खुद्द स्पॅनिशमध्येही मुरडी आहेत, त्याही सांगितल्या पाहिजेत. 'कर्ता भिन्न असेल तर विध्यर्थ' हे सूत्र परवानगी व हुकूम यांच्या क्रियापदांपाशी सैल होते. 'ते पेर्मितो सालीर' म्हणजे 'मी तुला बाहेर जाऊ देतो'. जाणारा तू, देणारा मी, तरीही तुमंत. 'ते मांदे सालीर' म्हणजे 'मी तुला बाहेर जायला सांगितले', तेथेही तुमंत. कारण जाणाऱ्याचा उल्लेख 'ते', म्हणजे 'तुला', या रूपाने आधीच होऊन गेला आहे. तो दुसऱ्यांदा करण्याची गरज उरली नाही. मराठीतही 'तुला' आले की 'जाऊ' व 'जायला' पुरतात, हे सुज्ञ वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. उलटपक्षी कर्ता एक असूनही विध्यर्थ येतो असे स्थळ म्हणजे शंकेचे: 'नो क्रेओ के पुएदा ईर', म्हणजे 'मला जाता येईल असे मला वाटत नाही'. आणि 'आल सालीर एल सोल', म्हणजे 'सूर्य उगवताच', यात तुमंतास स्वतःचा कर्ता आहे, तरी ते तुमंतच राहिले. अशा मुरडी पाहून काहीजण म्हणतात, मग नियम तरी कशाला? आम्ही म्हणतो, नियमाचे कारण कळले असेल तर मुरडीचेही कारण कळते. याद्यांनी दोन्ही कळत नाहीत.

गोव्याच्या वाचकांस येथे एक गोष्ट आठवेल. १५१० ते १९६१ पर्यंत तेथे पोर्तुगीजांचा अंमल होता, व ज्यांनी तेथे पोर्तुगीज भाषा शिकली त्यांस ठाऊक आहे की, स्पॅनिशच्या ह्या सख्ख्या बहिणीत तुमंतासही पुरुषवचनाचे प्रत्यय लागतात, आणि 'येशील तेव्हा' यासाठी भविष्यकाळी विध्यर्थ अजून रोजच्या बोलण्यात आहे. स्पॅनिशमध्ये तो भविष्यकाळी विध्यर्थ व्यवहारातून गेला. कायद्याच्या भाषेत आणि म्हणींत तेवढा उरला. 'आ दोंदे फुएरेस, आस लो के बिएरेस' ही त्यांची म्हण: जेथे जाशील तेथे जे पाहशील ते कर. 'देश तसा वेश' म्हणणाऱ्यांस तिचा अर्थ सांगावयास नको. आणि 'जाशील', 'पाहशील' ही आमची रूपे तेथे बिनचूक बसतात, हेही सांगावयास नको.

आता आमच्या विरुद्ध बाजूचे म्हणणे. एक आक्षेप असा की, वर्गात सर्वच मुले मराठी नसतात. कोणी गुजराती, कोणी कानडी, कोणी तमिळ. इंग्रजी ही सर्वांची सामाईक भाषा. हा आक्षेप खरा आहे, आणि तो आमच्याच बाजूचा आहे. समजावून सांगण्याची भाषा इंग्रजी असावी, यास आमची हरकत नाही. तुलनेची भाषाही इंग्रजीच का असावी, एवढेच आम्ही विचारतो. प्रत्येक मुलाने 'किएरो के बेंगास' हे वाक्य आपापल्या घरच्या भाषेत म्हणून पाहावे, एवढे सांगण्यास शिक्षकास त्या सर्व भाषा येण्याची गरज नाही. दुसरा आक्षेप असा की, परकी भाषा मातृभाषेच्या आश्रयाने शिकूच नये. तिच्यातच विचार करावा. उत्तम! पण मग इंग्रजीचा आश्रय तरी कोठून आला? मातृभाषा हद्दपार करून तिच्या गादीवर इंग्रजी बसविणे, आणि त्यास 'प्रत्यक्ष पद्धती' म्हणणे, हा शुद्ध शब्दच्छल होय. तिसरा आक्षेप बोलून दाखविला जात नाही, पण तोच खरा आहे: मराठीत व्याकरणाची चर्चा करणे कमीपणाचे वाटते. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण छापले, मोरो केशव दामले यांनी १९११ साली आपला 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा प्रचंड ग्रंथ दिला. इतके होऊनही आमच्या पदवीधरास आपल्या भाषेत विध्यर्थ आहे हे स्पॅनिशच्या वर्गात कळू नये, आणि सब्जंक्टिव्ह ही युरोपात पिकणारी वस्तू आहे असे त्यास वाटावे! आम्हीही इंग्रजीतूनच शिकलो, इंग्रजीचे आमच्यावर थोर उपकार आहेत. म्हणूनच तिला जे येत नाही ते तिच्याकडून मागू नये, असे आम्हांस वाटते.

ही लढाई खुद्द स्पॅनिश बोलणाऱ्यांसही लढावी लागली. आन्तोनिओ दे नेब्रिखा याने १४९२ साली कास्तिलियन भाषेचे पहिले छापील व्याकरण प्रसिद्ध केले. पुढे शतकानुशतके लॅटिनचा साचा आणून त्यात ती भाषा कोंबण्याचा प्रघात चालला. लॅटिनमध्ये आहे म्हणून स्पॅनिशमध्ये असलेच पाहिजे, असा हट्ट होता. काराकास येथे जन्मलेल्या व चिली देशात स्थायिक झालेल्या आन्द्रेस बेयो याने १८४७ साली आपले व्याकरण काढले, ते मुद्दाम अमेरिकेतील स्पॅनिशभाषिकांसाठी. आणि आपली भाषा तिच्याच अंगाने तपासावी, लॅटिनच्या चष्म्याने नव्हे, हा त्याचा आग्रह होता. लॅटिन तर स्पॅनिशची जननी. जननीचा साचाही जेथे जाचक ठरला, तेथे दूरच्या नात्यातील इंग्रजीचा साचा मराठी मुलाच्या डोक्यावर ठेवून त्यास स्पॅनिश शिकविणाऱ्यांनी बेयोचे चरित्र एकदा अवश्य वाचावे.

यात लाभहानीचा प्रश्नही आहे. स्पॅनिश ही सुमारे वीस देशांची राजभाषा आहे, संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांपैकी एक आहे, आणि तिच्यात १६०५ साली पहिला भाग निघालेल्या 'डॉन क्विक्झोट'पासून आजवरचे अपार वाङ्मय आहे. त्या भाषेतून थेट मराठीत भाषांतर करू शकणारे हात आम्हांस पाहिजेत. इंग्रजीच्या उष्ट्या पात्रातून वाढलेले स्पॅनिश अन्न पुष्कळ झाले. असे हात वर्गातच तयार होतात. जो विद्यार्थी 'बेंगास' वाचताच मनात 'यावेस' म्हणतो, तो उद्याचा भाषांतरकार. जो 'यू टु कम' म्हणून मग चाचपडतो, तो फार तर परीक्षार्थी.

तेव्हा अध्यापकांकडे आमचे मागणे तीन प्रश्नांचे आहे. याद्या द्यावयाच्याच तर मागाहून द्याव्यात. प्रथम प्रत्येक वाक्यापुढे मुलास विचारावे: पहिले, ही क्रिया कोणाची? बोलणाऱ्याची, की दुसऱ्याची? दुसरे, ती घडते अशी ग्वाही येथे कोणी देतो आहे काय? तिसरे, तुझ्या घरी हे कसे म्हणतात? पहिल्या दोहोंनी बहुतेक वाक्ये सुटतील. तिसऱ्याने ती कायमची ध्यानात राहतील, आणि जेथे घरची रीत निराळी निघेल तेथे ती निराळी आहे हेही पक्के होईल.

आमच्या विद्यार्थिनीस आम्ही एवढेच विचारले, 'हे तू आईशी बोलताना कसे म्हणशील?' ती म्हणाली, 'तिने पुण्याला यावे असे मला वाटते.' मग क्षणभर थांबून तिने वही पुढे ओढली, आणि आम्ही काही सांगण्यापूर्वीच 'किएरो के बेंगास आ पुणे' असे लिहिले. समासातला तांबडा शेरा तसाच होता. त्याची तिला आता गरज उरली नव्हती.